ब्रायरचा पाईप: दोन भोकं आणि आपला उन्हाळा

पाईप हातात घेतला की नजर आधी लाकडाच्या रेषांवर जाते. रेषा सरळ आहेत का, पॉलिश कसं उतरलंय, नळीचा बाक कसा आहे. पण पाईप चांगला की वाईट हे आत ठरतं. वरून खाली येणारी तंबाखूची पोकळी आणि दांडीतून आडवी जाणारी धूरवाट, ही दोन भोकं एका ठिकाणी मिळतात. ती नीट मिळाली तर साधा, बिनरेषांचा पाईपही शेवटच्या चिमटीपर्यंत कोरडा जळतो. दोन मिलिमीटर चुकली तर महागातलं लाकूडही गुरगुरतं, सारखं विझतं आणि जीभ पोळवतं.

विदर्भात गावोगाव खराद जाणणारे वाढई आहेत. पाळण्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी करणारा हात पाईपही करू शकतो. त्याला हवी असतात मापं आणि आपल्या हवेचा हिशेब. मापं इंटरनेटवर भरपूर सापडतात, पण ती थंड, दमट देशांत बसून लिहिलेली असतात. मे महिन्यातल्या ४५ अंशांत लाकूड काय करतं आणि आषाढात काय करतं, याचा त्यात उल्लेखही नसतो. म्हणून इथे दोन्ही एकत्र मांडतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निर्धोक असतो, असं अजिबात नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो. हा लेख वस्तू घडवण्याबद्दल आहे.

ब्रायर हे खोडाचं लाकूड नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठच्या टेकड्यांवर, म्हणजे इटलीतल्या कॅलाब्रिया, टस्कनी, सार्डिनियात, फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर, ग्रीस आणि अल्जीरियात एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. खोड आणि मुळं यांच्या मध्ये, जमिनीत, त्याची एक मोठी गाठ तयार होते. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी ही गाठ जिवंत राहते आणि पुन्हा फुटवे देते. आपल्याकडे पळस तोडला, जाळला तरी बुडातून फुटतो, तसंच. पाईपजोगी गाठ व्हायला ३०-४० वर्षं सहज लागतात. फ्रेंच लोक या झुडपाला ब्रुयेर म्हणतात, त्यावरून ब्रायर हा शब्द आला. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सां-क्लोद हे गाव मुळात खरादकामाचं. तिथे बॉक्सवुडच्या वस्तू आणि पाईपच्या नळ्या आधीपासून होत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या कारागिरांच्या हाती ब्रायर आलं आणि गावाची ओळखच पाईपचं गाव अशी झाली.

या गाठीत तंतू दाट आणि एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून ती निखाऱ्याला टिकते. पण कच्ची गाठ तशीच कोरली तर चालत नाही. ती ओली असतानाच ठोकळे कापतात आणि ते मोठ्या हंड्यांत १२ तास किंवा त्याहून जास्त उकळतात. आतला चीक आणि टॅनिन पाण्यात उतरतं. त्यानंतर ठोकळे सावलीत कित्येक महिने, चांगले कारखाने तर वर्षानुवर्षं, हळूहळू वाळवतात. उकळणं अर्धवट राहिलं असेल तर पाईप पहिले वीस-पंचवीस वेळा तुरट आणि कडू लागतो, आणि त्याला वरून काही इलाज नाही. म्हणून ठोकळा विकत घेताना रेषांआधी कापणाऱ्याची ख्याती विचारावी.

आपलं गावरान लाकूड का नको, हा प्रश्न हमखास येतो. साग तेलकट असतो आणि तापला की त्याचा वास धुरात उतरतो. शिसमाच्या भुशानेच कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, तो तोंडापाशी जाळायचा नाही. बाभूळ कठीण आहे, पण रोजच्या निखाऱ्यापुढे तिचा भरवसा नाही. आणि काही झाडांना तर हातच लावू नये. कण्हेर विषारी, बिब्ब्याचा चीक कातडी उतवतो. यांचं लाकूड पाईपला म्हणून कोणी दिलं तरी परत करावं. बाभळीचा उपयोग मात्र एका कामासाठी पक्का आहे, तो पुढे येतो.

आता हवा. लाकडात नेहमी थोडं पाणी असतं आणि ते भोवतालच्या हवेप्रमाणे कमी-जास्त होतं. मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, तेव्हा उघड्यावरचं लाकूड ४ टक्क्यांच्या आसपास पाण्यापर्यंत सुकत जातं. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्के झाली की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत पाणी ओढू पाहतं. ठोकळा बाहेरून येतो तेव्हा त्यात १०-१२ टक्के पाणी असतं. तो एप्रिलमध्ये कुरिअरने आला, खोकं उघडलं आणि टेबलावर ठेवला, तर बाहेरचा थर झपाट्याने आक्रसतो, आतला तसाच राहतो, आणि दोन-तीन दिवसांत कडेला केसासारखी चीर दिसते. ती चीर पुढे पोकळीपर्यंत जाते.

त्यामुळे उन्हाळ्यात आलेला ठोकळा लगेच उघडा ठेवायचा नाही. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण वितळवून लावावं, पुठ्ठ्याच्या खोक्यात रंध्याच्या कोरड्या छिलक्या भराव्यात आणि त्यात ठोकळा पुरून ठेवावा. छिलक्यांमुळे ओल हळूहळू जाते. खोकं कूलर असलेल्या खोलीत नको. कूलर चालू असताना खोली दमट, बंद झाला की तासाभरात कोरडी. या हेलकाव्यांनी लाकूड जास्त खराब होतं. घराच्या आतली, उत्तरेकडची, बंद राहणारी खोली सगळ्यांत चांगली.

ठोकळा मुरला की नाही हे वजन सांगतं. दर पंधरा दिवसांनी छोट्या डिजिटल काट्यावर तोलावं आणि ठोकळ्यावरच शिसपेन्सिलने तारीख आणि वजन लिहावं. ओळीने तीन नोंदींत फरक एक ग्रॅमच्या आत आला की समजावं, तो इथल्या हवेला बसला. दोन-तीन महिने लागतील. भोकं पाडायला माझ्या मते उत्तम काळ कार्तिक ते माघ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा तेव्हा मध्यम असते आणि दिवसागणिक फारशी बदलत नाही.

ठोकळा निवडताना ओल्या बोटाने पुसून पाहावा. ज्या बाजूने तंतू लांबलेले दिसतात तिथे सरळ रेषा, आणि त्यांच्या काटकोनात पाहिलं तर गोल ठिपके, ज्याला पक्ष्याचा डोळा म्हणतात. पाईपच्या वाटीवर रेषा खालून वर आणि वाटीच्या तोंडावर ठिपके, ही जुनी मांडणी. पण रेषांच्या मागे लागून दांडी कमकुवत जागी येऊ देऊ नये. गाठीत माती-खडे अडकून झालेले खड्डे असतातच. ते बाहेरून दिसतील असं नाही. कोरताना एखादा लहान खड्डा निघाला तर पाईप वाया गेला असं नसतं. तो पोकळीत आरपार असेल, किंवा दांडीच्या खोबणीजवळ असेल, तरच ठोकळा बाजूला ठेवावा.

पहिला पाईप सरळ करावा, ज्याला बिलियर्ड म्हणतात तो. वाकडा पाईप दिसायला डौलदार, पण त्यात धूरवाट तिरकी जाते आणि चूक होण्याची जागा दुप्पट होते. सरळ पाईपची मापं एकदा नीट समजून घेतली की बाकी सगळं त्यातूनच निघतं, म्हणून सविस्तर देतो.

पोकळीचा व्यास २० मिमी, खोली ४० मिमी. पोकळीभोवती भिंत ८ मिमी, म्हणजे वाटीचा बाहेरचा व्यास ३६ मिमी. तळ ८ मिमी, म्हणजे वाटीची उंची ४८ मिमी. दांडीची लांबी ४५ मिमी, व्यास १६ मिमी. दांडीच्या तोंडाशी नळी बसायची खोबण ८ मिमी व्यासाची आणि २० मिमी खोल. म्हणजे खोबणीभोवती ४ मिमी लाकूड उरतं. ३ मिमीच्या खाली जाऊ नये. धूरवाट ४ मिमी. या हिशेबाने ९० × ५५ × ४२ मिमीचा ठोकळा पुरतो.

आता कळीचं माप. धूरवाटेचा तळ आणि पोकळीचा तळ एकाच पातळीवर हवा. पोकळी ४० मिमी खोल आणि धूरवाट ४ मिमी जाड, म्हणजे धूरवाटेची मधली रेषा वाटीच्या तोंडापासून ३८ मिमीवर. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ही रेषा शिसपेन्सिलने आखावी, सुईने खोदून घ्यावी, म्हणजे हाताळताना पुसत नाही. दांडीच्या टोकापासून पोकळीची भिंत ५३ मिमीवर आणि तिची मधली रेषा ६३ मिमीवर येते. धूरवाट ५८ मिमीपर्यंत पाडली की पुरे. ६३ च्या पुढे जाऊ द्यायची नाही. गेली तर समोरच्या भिंतीला खळगा पडतो आणि तिथे निखारा लाकूड खायला लागतो.

चिलीम ओळखणाऱ्या जुन्या माणसाला हे लगेच कळतं. चिलमीत भोक तळाशी मधोमध असतं, वर खडा टाकतात आणि खाली ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळतात. खडा घट्ट बसला तर ओढ लागत नाही, सैल असला तर राख तोंडात येते. पाईपमध्ये खडा नाही, छापी नाही. तिथलं सगळं काम तळाच्या कोपऱ्यातलं ते एक भोक करतं.

क्रम असा ठेवावा. आधी खोबण, मग धूरवाट, शेवटी पोकळी. खोबण आणि धूरवाट ठोकळा चकमधून, म्हणजे खरादाच्या जबड्यातून, न काढता एकाच पकडीत पाडावीत, म्हणजे दोन्हींची रेषा एक राहते. पकड सोडून पुन्हा धरली की अर्धा मिलिमीटर तरी सरकतंच, आणि मग पाईप साफ करायची तार, म्हणजे क्लीनर, खोबणीच्या तळाशी अडते. ४ मिमीचं लांब बिट लाकडात भरकटतं, कारण गाठीत एक जागा कठीण तर शेजारची मऊ. त्यावर उपाय म्हणजे खोबणीच्या तळापासून पहिले १०-१५ मिमी आखूड, ताठ बिटाने पाडायचे आणि मग त्याच भोकात लांब बिट घालायचं. दर ५ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडावा. भुसा आत दाटला की बिट तापतं, तापलं की वाकतं. धूर दिसला तर थांबायचंच. गती मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास ठेवावी.

पोकळीसाठी बाजारात २० मिमीचं चपटं बिट मिळतं, ज्याला स्पेड बिट म्हणतात. ते तसंच वापरलं तर तळ सपाट होतो आणि कोपऱ्यांत तंबाखू न जळता साचते. म्हणून ग्राइंडरवर त्याची दोन्ही टोकं गोलाई देऊन घासावीत, तळ उलट्या घुमटासारखा यायला हवा. मधलं टोक घासून जेमतेम २ मिमी ठेवावं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे पुठ्ठ्याचा साचा कापून ताडावं. घासताना बिट वारंवार पाण्यात बुडवावं; निळं पडलं की त्याची धार टिकत नाही. पोकळी ४००-५०० फेऱ्यांवर, न दाबता पाडावी. शेवटचे ३ मिमी तर अगदी सावकाश, दर वेळी बिट काढून टॉर्चने आत पाहून.

इथे गावातल्या विजेचा विचार करावाच लागतो. गावठाण फीडरवर संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटर दबते आणि बिट लाकडात धरतं. पोकळी अर्ध्यात असताना बिट धरलं तर ठोकळा चकमधून उखडतो. भोकं पाडायचं काम सकाळी, व्होल्टेज स्थिर असताना उरकावं. घासकाम संध्याकाळी केलं तरी बिघडत नाही.

आता ती बाभूळ. ब्रायरला हात लावण्याआधी बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे याच मापाचे किमान पाच ठोकळे करावेत, त्यांत तिन्ही भोकं पाडावीत, आणि मग प्रत्येक ठोकळा करवतीने उभा, बरोबर मधोमध चिरावा. चिरलेल्या अर्ध्या भागात सगळं उघडं पडतं. डावीकडे इंग्रजी यू अक्षरासारखी पोकळी, उजवीकडून येणारी धूरवाटेची अर्धगोल खाच. खाच यूच्या तळाला अलगद येऊन मिळाली असेल तर काम जमलं. खाचेच्या खाली अजून लाकूड कोरलेलं, वाटीसारखा खोलगट डोह दिसला, तर पोकळी जास्त खोल गेली. त्या डोहात ओल साचेल आणि तळाची तंबाखू कधीच जळणार नाही. पोकळीच्या तळात खाचेचा अर्धा भाग बुडालेला आणि वर नुसती चंद्रकोर उरलेली दिसली, तर पोकळी उथळ राहिली, धूर कोंडेल. खाच एका अंगाला जाऊन भिंतीला घासून गेली असेल तर आखणीची रेषा चुकली होती. बोटाने चाचपून पाहावं, पट्टीने मोजावं, लाकडावरच चूक लिहून ठेवावी. ओळीने तीन ठोकळे बरोबर निघाले की ब्रायर काढावं. हे पाच ठोकळे वाचवायला जाणारा पुढे ब्रायरचे दोन घालवतो, आणि ते कितीतरी महाग पडतात.

भोकं झाल्यावर बाहेरचा आकार. वाटी आणि दांडी खरादावर जितकी गोल करता येईल तितकी करावी. दोन्ही मिळतात तो सांधा खरादावर होत नाही, तो कानसीनेच करायचा. जाड दात्यांची कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, ३२०, ४०० आणि शेवटी ६०० नंबर. कुठलाही नंबर गाळू नये. १२० चे ओरखडे ४०० ने जात नाहीत, ते नुसते चमकदार होतात आणि रंग लावल्यावर काळ्या रेघा म्हणून उठतात. २२० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्यावं. तंतू उभे राहतात, ते पुन्हा २२० ने बसवावेत. तयार पाईपचं वजन ४० ते ५५ ग्रॅममध्ये यावं. त्याहून जड पाईप दातांत धरवत नाही.

ब्रायरचा आणि त्याहून जास्त एबोनाइटचा भुसा फुप्फुसाला वाईट. तोंडाला उपरणं बांधून भागत नाही, एन-९५ मास्क आणि दाराकडे तोंड केलेला पंखा हवाच.

नळीला एबोनाइट किंवा अॅक्रिलिक. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. राजमहेंद्रीत याच एबोनाइटची शाईची पेनं हाताने घडतात, त्यामुळे पेनवाल्यांसाठीच्या दांड्या आपल्या देशात मिळतात. १८ मिमीची दांडी घ्यावी. दाताला एबोनाइट मऊ लागतं, अॅक्रिलिक कडक. पण एबोनाइटमधलं गंधक उन्हाने वर येतं आणि काळी नळी हिरवट-तपकिरी पडते. आपल्याकडच्या उन्हात खिडकीत ठेवलेली नळी एका उन्हाळ्यात फिकट होते. तरीही मी एबोनाइटच सुचवीन, कारण दाताखाली ते बरं लागतं आणि चूक झाली तर घासून, तापवून सुधारता येतं.

नळी ७० मिमीची धरू. खुंटीच्या, म्हणजे दांडीच्या खोबणीत घुसणाऱ्या टोकाच्या, बाजूने ४ मिमीचं भोक ५२ मिमीपर्यंत, उरलेलं २ मिमीचं. जिथे ४ चं २ होतं तिथे आत पायरी तयार होते, आणि पायरीशी धूर आपटून पाणी धरतो. निमुळत्या बिटाने ती पायरी उतरती करावी. ओठाच्या बाजूचं २ मिमीचं गोल भोक तसंच सोडायचं नाही, ते आडवं, चपटं करायचं. किती, याचा हिशेब सोपा आहे. ४ मिमी व्यासाच्या धूरवाटेचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटर. ओठाशी फट दोन मिलिमीटर उंच ठेवली तर तेवढंच क्षेत्रफळ यायला ती सव्वासहा मिलिमीटर रुंद हवी. सगळ्या वाटेत क्षेत्रफळ सारखं राहिलं की धूर कुठेच दाबला जात नाही आणि ओल कमी साचते. बाजारातल्या स्वस्त पाईपमध्ये ओठाशी नुसतं बारीक गोल भोक असतं, आणि ते ओढताना शीळ वाजते ती त्यामुळेच. फट करायला सोनाराची बारीक करवत आणि सुईसारख्या कानसी लागतात. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे त्या मिळतात. दातात धरायची जागा ४ मिमी जाड ठेवावी, आणि तिच्यापुढे ओठाची कड किंचित उंच, म्हणजे पाईप दातांतून निसटत नाही.

खुंटी एबोनाइटचीच कोरता येते, पण नवख्याने डेलरिन या कडक प्लास्टिकची ८ मिमी दांडी वापरावी, ती सहसा तुटत नाही. डेलरिनला कुठलाही गोंद धड धरत नाही. म्हणून नळीत जाणाऱ्या १२ मिमी भागावर कानसीने खोल खाचा पाडाव्यात, एपॉक्सी त्या खाचांत अडकून पकड घेतं. खोबणीत जाणारी खुंटी खोबणीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर आखूड हवी. लांब झाली तर नळी आणि दांडीत फट दिसते. फार आखूड झाली तर आत खोली तयार होते, तिथे पाणी साचतं आणि पाईप गुरगुरतो.

खुंटीचा घट्टपणा ही आपल्या हवेतली सगळ्यांत नाजूक गोष्ट आहे. लाकूड सुकलं की सगळंच आक्रसतं, खोबणीचं भोकसुद्धा लहान होतं. डेलरिन आक्रसत नाही, उलट उन्हाळ्यात किंचित फुगतं. श्रावणात ओल्या हवेत जी खुंटी छान घट्ट बसवली, ती वैशाखात दांडी फोडते. चीर दांडीच्या तोंडापासून सुरू होते, लांबीने मागे जाते, आणि बहुतेकदा रात्रीत, पाईप नुसता ठेवलेला असताना जाते. म्हणून खुंटी हिवाळ्यात बसवावी आणि ती दोन बोटांच्या जोराने, फिरवत, अडखळता आत जाईल इतपतच ठेवावी. पावसाळ्यात बसवणं टळत नसेल तर आणखी किंचित सैल. सैल खुंटी नंतर मेण लावून भागवता येते. फुटलेल्या दांडीला तांब्याचं किंवा चांदीचं कडं चढवावं लागतं, आणि ते काम चांगल्या सोनाराशिवाय होत नाही. पहिल्यापासूनच कडं चढवून घेतलं तर उत्तम, दांडी दिसतेही छान.

नळी आणि दांडी एकत्र बसवूनच घासावी, वेगवेगळी कधीच नाही. वेगवेगळी घासली की दोन्हींच्या कडा गोल होतात आणि सांध्यावर नख अडकतं.

नळीला बाक द्यायचा असेल तर आत क्लीनर घालून ठेवावा, नाहीतर वाकताना भोक चपटं होऊन बंद पडतं. चष्मेवाले फ्रेम वाकवायला वाळू तापवतात, तशी बारीक वाळू कढईत तापवून त्यात नळी धरावी. मऊ पडली की सुती कापडात धरून वाकवायची आणि लगेच गार पाण्यात.

घासताना खड्डे निघाले तर लुकणाने बुजवू नयेत. लुकण तापलं की वेगळं फुगतं आणि निसटतं. त्यापेक्षा वाटीचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करावा. अर्धा इंची लोखंडी पाईपच्या तुकड्यात सात-आठ टोकदार खिळे उभे ठोकून एपॉक्सीने बसवले की त्याचं हत्यार होतं. लाकडावर दाबून फिरवलं की झाडाच्या सालीसारखा पोत उठतो. इंग्लंडात डनहिल या पाईप कंपनीने १९१७ साली वाळूच्या माऱ्याने असाच खडबडीत शेल ब्रायर आणला, आणि आज असे पाईप गुळगुळीतांइतकेच आवडीने घेतले जातात. खरबरीत वाटी हातात कमी गरम लागते, हा वेगळा फायदा.

रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा घ्यावा. आधी काळा किंवा गडद तपकिरी लावून ४०० ने घासून काढावा; मऊ तंतूंत तो राहतो, कठीण तंतूंवरून निघतो. मग वर फिकट तांबूस. रेषा उठून येतात. यावर आपल्या वाढयांना परिचयाची चपडा लाख फार उपयोगी आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख होते, तिचाच तो शुद्ध केलेला प्रकार. पण फर्निचरला लावतात तशी दाट, थरावर थर नको. १०० मिली स्पिरिटमध्ये ६-७ ग्रॅम चपडा, रात्रभर ठेवून, गाळून, फडक्याने एकच हात. जाड लाख तापली की मऊ पडते आणि घामाच्या हाताने पांढरी होते. पॉलियुरेथेन वार्निश तर मुळीच नको, त्याला फोड येतात. शेवटी बफावर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, कार्नोबा मेण. ते ८२-८६ अंशांना वितळतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच वितळतं, म्हणून पेटत्या वाटीवर ते चिकट होऊन बोटाला लागतं.

पोकळीला आतून लेप द्यावा. लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड एक चमचा, घट्ट दही तेवढंच, एकजीव करून बोटाने पातळ थर. त्याआधी धूरवाटेत क्लीनर घालून ठेवावा, नाहीतर ती बुजते. तीन दिवस सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात दह्याला बुरशी धरते, तेव्हा लेप हिवाळ्यातच उरकलेला बरा. हा लेप पहिल्या काही दिवसांत लाकूड करपण्यापासून वाचवतो, तोवर काजळीचा स्वतःचा थर धरतो.

नवीन पाईप पहिले चार-पाच वेळा अर्धाच भरावा. काजळीचा थर रुपयाच्या नाण्याएवढा जाड झाला की पुरे. त्याहून वाढला तर खरवडून कमी करावा, कारण जाड काजळी तापून लाकडापेक्षा वेगळी फुगते आणि वाटी फोडते. पाईप गरम असताना नळी कधीही काढू नये, लाकूड आतून ओलं आणि फुगलेलं असतं. गार झाल्यावर नळी फिरवत काढून क्लीनर घालायचा, आणि एकदा ओढलेल्या पाईपला हिवाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस विश्रांती. उन्हाळ्यात पाईप गाडीच्या डॅशबोर्डवर, कूलरपुढे किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. मातीच्या भिंतीतला कोनाडा असेल तर त्यात, वाटी खाली आणि नळी वर, सुती पिशवीत ठेवावा.